पोर्ट दिसत नाही म्हणून लिनक्स काढू नका

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. भाचा नववीत, इंदूरच्या रामबागेत तुमच्याकडेच राहतो, घरातल्या जुन्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्याने स्वतःच लिनक्स मिंट २१ (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकलंय. वाढदिवसाच्या पैशातून रोबोट-गाडीचं किट मागवलं, त्यात आर्डुइनो ऊनोसारखा निळा बोर्ड (प्रोग्राम भरता येणारं छोटं सर्किट), चाकांसाठी दोन पिवळ्या बीओ मोटर, मोटरला वीज पुरवणारा लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर आणि दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर. आता आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टचा, म्हणजे बोर्डशी बोलायच्या वाटेचा, मेनू मंद दिसतो, क्लिकच होत नाही. ज्याला दाखवायला नेलं तो म्हणाला लिनक्सवर हे होत नाही, विंडोज टाका. गणपतीत आरासीसमोर गाडी फिरवणार असं पोराने घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्यामुळे तो चिडचिड करतो, जेवायलाही धड येत नाही.

विंडोज टाकू नका. मी पीथमपूरला वीसेक वर्षं मशीनच्या कंट्रोल पॅनलचं काम करतोय आणि गेली बरीच वर्षं रविवारी सकाळी लोकमान्य नगरला घरी सात-आठ मुलांना घेऊन हेच करत बसतो, आमच्याकडचे सगळे लॅपटॉप कुणाच्या ना कुणाच्या दादाचे जुने आणि सगळ्यांवर लिनक्स. तुमच्या भाच्याची केस मी इतक्या वेळा बघितलीय की लॅपटॉप न बघताही सांगू शकतो, बहुधा दोन कमांडचं काम आहे.

आणि ‘लिनक्सवर होत नाही’ हे मुळातच चुकीचं आहे हो. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात सुरू झालं ते ओपन सोर्स म्हणूनच. मुलाने लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल असा करणारा कंपायलर म्हणजे एव्हीआर-जीसीसी, आणि तयार प्रोग्राम केबलवरून चिपमध्ये उतरवणारा एव्हीआरडूड, दोन्ही खुले. विंडोजवालाही बटण दाबतो तेव्हा आतून हेच दोघं काम करतात. ऊनो क्लोनवर, म्हणजे त्याच्या स्वस्त नकलेवर, बहुतेक वेळा जी यूएसबीची चिप असते, सीएच३४०, तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आधीपासून आहे, डाउनलोडसुद्धा करावा लागत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते साखळीतल्या एखाद्या कडीत. केबल, मग कर्नल, मग पोर्ट, मग परवानगी, मग बूटलोडर (नवा प्रोग्राम उतरवून घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम), मग प्रोग्राम, आणि शेवटी मोटरचं करंट. मुलं आणि मोठी माणसंही काय करतात की काहीही अडलं की सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, मग दुसरं टाकतात, मग सगळी सिस्टीमच फॉरमॅट. मी स्वतः २०२२ मध्ये तीन मुलांचे लॅपटॉप फॉरमॅट केलेत, प्रत्येकाला अर्धा दिवस गेला आणि प्रॉब्लेम तसाच राहिला, त्या मुलांचे चेहरे अजून आठवतात. त्यानंतर ठरवलं की आधी सिस्टीमला विचारायचं. लिनक्स सांगतं हो, कुठे अडलंय ते अगदी ओळीने सांगतं, फक्त बघणारा पाहिजे.

कमांड मी इथे बोलताना म्हणतो तशाच लिहितोय, रविवारी पण असंच चालतं, मी बोलतो आणि मुलं टाइप करतात. तुम्ही मोठ्याने वाचा, त्याला टाइप करू द्या. डॅश म्हणजे आडवी छोटी रेघ, स्लॅश म्हणजे पुढे झुकलेली तिरकी रेघ, शब्द सुटे लिहिलेत तिथे स्पेस, सगळी अक्षरं लहान लिपीतली, मोठं अक्षर लागेल तिथे सांगतो.

बोर्ड काढून ठेवा. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि टाइप करा सुडो (एस यू डी ओ) डीमेसेज (डी एम ई एस जी) डॅश डब्ल्यू. पासवर्ड विचारेल, टाइप करताना काही दिसत नाही, घाबरू नका, लिहून एंटर करा. भराभरा ओळी येतील आणि मग थांबतील, तिथे दोन-तीनदा एंटर मारून जागा करून घ्या. आता बोर्ड लावा आणि फक्त बघा.

एक ओळसुद्धा आली नाही तर केबल किंवा यूएसबीचा सॉकेट. ऊनोला प्रिंटरसारखी चौकोनी तोंडाची केबल लागते आणि ती बहुतेक वेळा डेटाचीच असते, पण नॅनो किंवा ईएसपी३२ अशा दुसऱ्या छोट्या बोर्डवाली मुलं घरातली मोबाइल चार्जरची केबल लावतात आणि त्यातल्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, बोर्डचा दिवा लागतो आणि लॅपटॉपला काहीच कळत नाही. तीच केबल फोनला लावून बघा, फाइल ट्रान्सफरचं विचारलं तर केबल बरोबर. नाहीतर जेल रोडला जाऊन ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगून आणा.

तुमच्याकडे ओळी येतील असं मला वाटतं. आधी नवीन फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस सापडल्याची ओळ, मग त्याचा नंबर १ए८६ आणि ७५२३, म्हणजे आपली सीएच३४०, आणि मग ‘सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाउ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०’ (ड्रायव्हरचं नाव सीएच३४१ आहे, चिप तीच). म्हणजे पोर्ट मिळालं. आणि मग एक-दोन सेकंदात, इथे डोळे लावून बसा, आणखी एक ओळ येते, तिच्यात बीआरएलटीटीवाय असा विचित्र शब्द दिसेल, आणि तिच्याच खाली ‘नाउ डिसकनेक्टेड फ्रॉम टीटीवाययूएसबी०’. मिळालेलं पोर्ट कुणीतरी काढून घेतलं. केबल ठीक, बोर्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, आणि तरी मेनू मंद, याचं कारण ही एक ओळ.

हे बीआरएलटीटीवाय म्हणजे काय तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ब्रेल डिस्प्ले चालवणारं सॉफ्टवेअर, फार मोलाचं काम आहे ते. पण एका ब्रेल यंत्रातही हीच चिप असते, तोच नंबर १ए८६ ७५२३, म्हणून उबुंटू २२.०४ या लिनक्समध्ये हे सॉफ्टवेअर आपला बोर्ड बघून समजतं की ब्रेल डिस्प्ले लावला आणि पोर्ट ताब्यात घेतं. मिंट २१ त्याच उबुंटूवर उभं आहे. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर सरळ सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय, झालं, बोर्ड काढून परत लावा आणि पोर्ट टिकून राहील.

पण कुणी वापरत असेल तर हे करू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे आजोबा त्याच लॅपटॉपवर ब्रेल डिस्प्लेने वाचतात, तिथे काढून टाकलं असतं तर आजोबांचं वाचनच बंद झालं असतं. तिथे आम्ही फक्त एक नियम बंद केला. यूएसआर, लिब, यूडेव्ह, रूल्स डॉट डी या फोल्डरमध्ये ८५ डॅश बीआरएलटीटीवाय डॉट रूल्स अशी फाइल असते, तिची कॉपी त्याच नावाने ईटीसी, यूडेव्ह, रूल्स डॉट डी मध्ये ठेवायची. मग त्या कॉपीत १ए८६ स्लॅश ७५२३ असलेली ओळ शोधून तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकायचं आणि लॅपटॉप रीस्टार्ट. ईटीसी मधली फाइल मूळ फाइलच्या वर चालते आणि अपडेट आलं तरी आपला बदल पुसला जात नाही. आजोबांचं यंत्र वेगळ्या चिपचं होतं म्हणून दोघांचंही काम व्यवस्थित चालू आहे.

दुसरी कडी परवानगीची. आता पोर्ट मेनूत दिसेल पण अपलोड केलं की ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणेल. लिनक्समध्ये सीरियल पोर्ट डायलआउट नावाच्या ग्रुपचं असतं, हे नाव टेलिफोनवरच्या मोडेमच्या काळापासूनचं आहे, आणि साधा युजर त्या ग्रुपमध्ये नसतो. त्याला आत घ्यायचं: सुडो युजरमॉड (यू एस ई आर एम ओ डी) डॅश एजी, यातला जी मोठ्या लिपीतला, मग स्पेस देऊन डायलआउट, मग पुन्हा स्पेस आणि त्याचं लॉगिनचं नाव. त्यातला ए विसरू नका हं, ए म्हणजे ‘आहे त्यात जोड’, तो राहिला तर बाकीच्या ग्रुपमधून नाव उडतं आणि मग सुडोच चालेनासं होतं, ते निस्तरायला जास्त वेळ लागतो. हे झाल्यावर लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट करा, नुसतं लॉगआउट कधीकधी पुरत नाही. परत आल्यावर ग्रुप्स एवढंच टाइप करून बघा, यादीत डायलआउट दिसलं पाहिजे.

व्हिडिओ बघून मुलं इथे दोन गोष्टी करतात त्या मात्र करू देऊ नका. एक म्हणजे चमॉड ७७७ मारून पोर्ट सगळ्यांना उघडं करणं, ते बोर्ड काढून लावला की परत बंद होतं, म्हणून मुलाला वाटतं हे भुताटकीसारखं कधी चालतं कधी नाही. दुसरी जास्त वाईट, आर्डुइनोच सुडोने उघडणं. त्या दिवशी चालतं, पण घरच्या फोल्डरमधल्या आर्डुइनो१५ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये फाइली रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्याच्या, नावाने तयार होऊ शकतात आणि दुसऱ्या दिवशी साध्या युजरने उघडलं की लायब्ररी टाकता येत नाही, सेव्ह होत नाही, कुठलंतरी भलतंच एरर येतं. असं झालंच असेल तर सुडो चाउन (सी एच ओ डब्ल्यू एन) डॅश आर, आर मोठा, मग त्याचं नाव, कोलन, तेच नाव, आणि पुढे त्या फोल्डरचा रस्ता, म्हणजे मालकी परत त्याच्याकडे येते.

सॉफ्टवेअर कुठलं टाकायचं, तर ४ जीबी रॅम आहे म्हणून मी म्हणेन जुनं १.८.१९ च ठेवा, मिंट २१ मध्ये सुडो एपीटी इन्स्टॉल आर्डुइनो म्हटलं की तेच येतं. हलकं आहे, पटकन उघडतं, नववीतल्या मुलाला जे लागतं ते सगळं त्यात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं २.० चांगलं आहे, शब्द अर्धा लिहिला की पुढचं सुचवतं, पण आतून ते ब्राउझरसारखं आहे, मेमरी खातं आणि ब्राउझरची चार टॅब उघडी असतील तर तुमचा लॅपटॉप रांगायला लागेल. तरी टाकायचंच असेल तर अ‍ॅपइमेजची फाइल उतरवा, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रोग्राम म्हणून चालू दे’ वर टिक करा, आणि उघडलं नाही तर लिबफ्यूज२ टाका, पुढे मिंट २२ वर गेलात तर त्याच पॅकेजचं नाव लिबफ्यूज२टी६४ झालंय. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकवालं घेऊ नका, ते स्वतःच्या खोलीत कोंडलेलं असतं आणि पोर्टपर्यंत हात पोचवायला वेगळी खटपट करावी लागते, सुरुवातीलाच ती डोकेदुखी कशाला.

आता मोटर, सेन्सर, सगळं काढून ठेवायचं. नुसता बोर्ड आणि केबल. पोर ऐकत नाही, त्याला गाडी पळवायची असते, पण इथे तुम्ही मावशी म्हणून बाजूला बसा. एक्झाम्पलमधलं ब्लिंक उघडायचं, टूल्समध्ये बोर्ड ऊनो, पोर्ट टीटीवाययूएसबी०, आणि अपलोड. खाली लिहून येतं की प्रोग्राम नऊशे-साडेनऊशे बाइटचा झाला, कमाल ३२२५६. हा कमालचा आकडा वाचायची सवय लावा त्याला. चिपची मेमरी ३२ केबी म्हणजे ३२७६८ बाइट, त्यातले ५१२ बूटलोडरचे, म्हणून ३२२५६. तिथे ३०७२० दिसलं तर चुकून नॅनो निवडलंय. एका आकड्यावरून चूक कळते.

आणि एक नेहमीचा घोटाळा. नव्या बोर्डमध्ये बऱ्याचदा ब्लिंक आधीच भरलेलं असतं, दिवा लुकलुकतो, मुलगा म्हणतो झालं, आणि प्रत्यक्षात अपलोड झालेलंच नसतं. म्हणून डिले १००० आहे तिथे १०० करा आणि मग अपलोड करा. दिवा भराभर फडफडला तरच मानायचं. हा क्षण मला दर वेळी आवडतो, तेरा-चौदा वर्षांचं पोर पहिल्यांदा स्वतः लिहिलेल्या आकड्याने एक वस्तू वेगळी वागताना बघतं, मग ते १०० चं ५० करतं, मग २०, मग आणखी कमी, आणि दिवा सलग लागल्यासारखा दिसायला लागला की विचारतं काका हे असं का. उत्तर लगेच देऊ नका, त्याला विचार करू द्या.

अपलोडमध्ये ‘नॉट इन सिंक’ असं एव्हीआरडूड दहा वेळा म्हणालं तर लॅपटॉप बोलतोय पण चिप उत्तर देत नाहीये. तुमच्याकडे ऊनो आहे तर आधी बघा की ० आणि १ नंबरच्या पिनला काही लावलंय का. यूएसबीचं बोलणं त्याच दोन पिनांवरून चालतं, तिथे ब्लूटूथ मॉड्यूल लावलेलं असेल तर दोघं एकाच वेळी बोलतात आणि काही उतरत नाही, ते काढा, अपलोड करा, परत लावा. पुढे कधी नॅनो घेतला आणि हेच झालं तर प्रोसेसरच्या मेनूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा, कारण जुना बूटलोडर ५७६०० च्या वेगाने बोलतो आणि नवा ११५२०० ने, वेग जुळला नाही की संवाद नाही. याच्यासाठी बोर्ड खराब म्हणून परत पाठवलेले मी बघितलेत, वाईट वाटतं.

एवढं झालं की सॉफ्टवेअरचा भाग संपला असं वाटतं, पण मोटर लावल्यावर जे प्रॉब्लेम येतात ते दिसतात सॉफ्टवेअरसारखे आणि असतात विजेचे, म्हणून तेही सांगतो.

बीओ मोटर बोर्डच्या पिनला किंवा ५ व्होल्टला कधीच थेट लावायची नाही. पिनमधून २० मिलीअँपच्या पुढे जाऊ नये, ४० ला चिपची हद्द संपते, आणि चाक अडलं की मोटर शेकड्यांनी मिलीअँप ओढते. म्हणून तो लाल एल२९८एन. तो जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टरवाला आहे, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरला चारच पोचतात आणि गाडी गालिच्यावर अडकते. १८६५० चे दोन सेल एकामागे एक लावले तर ७.४ व्होल्ट होतात, पूर्ण भरलेले असताना ८.४, ते बरोबर बसतं. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी किटबरोबर येते ती वापरू नका, तिच्यातून एवढं करंट निघतच नाही, मोटर घुरघुरते आणि बोर्ड सारखा रीसेट होतो आणि पोरगा प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

१८६५० सेल लावताना-काढताना मात्र तुम्ही समोर असा. त्याची दोन टोकं एखाद्या वायरने किंवा स्क्रूड्रायव्हरने जुळली तर ठिणगी नाही, आग लागते. सेल योग्य चार्जरमध्येच भरायचे आणि झोपताना चार्जिंगला ठेवायचे नाहीत. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

सेलची काळी वायर, ड्रायव्हरचं ग्राउंड आणि बोर्डचं ग्राउंड एकत्र आलं पाहिजे, ही एक वायर राहिली की मोटर मनाला येईल तशी फिरते. ड्रायव्हरवर ५ व्होल्टचा बारका जम्पर असतो, तो लावलेला असताना ड्रायव्हरमधून ५ व्होल्ट निघतात आणि त्यावर बोर्ड चालतो, म्हणजे वेगळी बॅटरी नको. पण यूएसबी लावून प्रोग्राम उतरवताना ती ५ व्होल्टची लाल वायर काढून ठेवा, दोन्हीकडून एकदम वीज नको. आम्ही त्या वायरमध्ये एक छोटं बटण घालतो, महाराणी रोडला कुठेही मिळतं.

आता परत डीमेसेजकडे येतो, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचा जीव तिथेच आहे. गेल्या वर्षी एका मुलाची गाडी यूएसबी लावून टेबलावर चाकं वर करून चालवली की दहा सेकंदात पोर्ट गायब व्हायचं. त्याने प्रोग्राम चार वेळा नव्याने लिहिला होता. मी म्हटलं टर्मिनल उघड. मोटर सुरू केली आणि ओळ आली, ‘डिसेबल्ड बाय हब’, त्यापुढे कंसात ईएमआय (विजेचा गोंधळ) आणि प्रश्नचिन्ह, मग ‘री-एनेबलिंग’. ते प्रश्नचिन्ह कर्नलचंच आहे, ज्याने ही ओळ लिहिली त्याने अंदाज करून ठेवलाय की आसपास विजेचा गोंधळ आहे का बघा. होताच. बीओ मोटरमधले ब्रश फिरताना बारीक ठिणग्या पाडतात आणि तो कचरा वायरींमधून यूएसबीपर्यंत जातो. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं, बिस्किटी रंगाची टिकली असते ती, प्रत्येक मोटरच्या दोन पत्र्यांवर आडवा सोल्डर केला, मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन वळल्या, आणि पोर्ट परत गेलं नाही. प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता, त्या मुलाला ते ऐकून इतकं बरं वाटलं.

सेन्सरबद्दल एकच गोष्ट सांगतो जी किटच्या पत्रकात नसते. किटमधल्या एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरला १० मायक्रोसेकंदाचा पल्स दिला की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते आपण प्रोग्राममधल्या पल्सइन या सूचनेने मोजतो, मायक्रोसेकंदाला ५८ ने भागलं की सेंटिमीटर. पण पल्सइन ला काही सांगितलं नाही तर ते उत्तरासाठी एक पूर्ण सेकंद थांबू शकतं आणि तेवढ्या वेळात गाडी आंधळी असते, मोटर चालूच. समोर पडदा असेल किंवा भिंत तिरकी असेल तर आवाज परत येत नाही, आणि गाडी थेट आदळते. पल्सइन च्या कंसात तिसरा आकडा २५००० लिहा, म्हणजे २५ मिलीसेकंदात आलं तर आलं, नाहीतर पुढे चला. ४ मीटरच्या पल्ल्याला एवढा वेळ पुरतो, त्यापुढे हा सेन्सर तसाही बघत नाही. तुमच्या आरासीत कापडी पडदे असतील तर हे आधी करा, कापड आवाज पिऊन टाकतं. पडद्याच्या खाली जमिनीलगत पुठ्ठ्याची एक उभी पट्टी लावली तर तिच्यावरून आवाज नीट परत येतो.

सेन्सर डावी-उजवीकडे वळवायला छोटा सर्वो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) असेल तर मोटरच्या वेगाच्या वायरी ९ आणि १० वर ठेवू नका. सर्वोची लायब्ररी ज्या टायमरवर चालते त्याच टायमरवर या दोन पिनांचं वेग-नियंत्रण चालतं, सर्वो सुरू झाला की तिथलं अ‍ॅनॅलॉगराइट (वेग देणारी सूचना) बंद. ५ आणि ६ वर घ्या, तिथे काही भांडण नाही.

भाच्याने आरओएस या मोठ्या रोबोटसाठीच्या सॉफ्टवेअरचं विचारलंय, कुठेतरी वाचलं असणार. चांगली गोष्ट आहे, पण आत्ता नाही. आरओएसला रोबोटवर एक अख्खा लिनक्सचा संगणक लागतो, ऊनोच्या २ केबी रॅममध्ये ते मावणार नाही. आरओएस २ चं हम्बल हे मे २०२२ चं व्हर्जन उबुंटू २२.०४ साठी बांधलेलं आहे, तेव्हा पुढे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक हातात आला की त्या बोर्डवर उबुंटू टाकून सुरू करू. आज त्याने टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी), ग्रुप्स आणि डीमेसेज वाचायला शिकलं तर तिथेही तेच कामाला येणार आहे. हवं तर आर्डुइनो-सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून चालणारं आर्डुइनो, पण टाकून ठेवा, त्यात कंपाइल आणि अपलोड या दोन वेगवेगळ्या कमांड आहेत, बटणामागे काय काय चालतं ते एकदा हाताने केलं की चूक कुठल्या टप्प्यात झाली हे मुलाला आपोआप कळायला लागतं.

आणि यंदा अनंत चतुर्दशीला त्याला मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे हलत्या पुतळ्यांचे देखावे, बघायला घेऊन जा, पण समोरून नाही, थोडं बाजूने, जिथून मागची मोटर आणि पट्टे दिसतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली तरी झांकी निघते, आणि हात हलवणारा तो मोठा पुतळा आणि याची गाडी यांत फार अंतर नाही, हे त्याला स्वतःच दिसू द्या.

शेवटी गाडी चालेल तेव्हा ती सरळ जाणार नाही, एका बाजूला ओढेल. त्याला सांगा घाबरू नको, दोन बीओ मोटर कधीच सारख्या नसतात. हॉलमधल्या फरशीचा लांब सांधा पकडा, गाडी त्यावर ठेवा, दोन्ही चाकांना वेग १८० द्या आणि दोन मीटर जाऊ द्या. उजवीकडे वळत गेली म्हणजे डावं चाक जोरात आहे, डाव्याचा आकडा पाच-पाचने कमी करत जा, १७५, १७०, असं सांध्यावर टिकेपर्यंत. आमच्या एका गाडीत ते १८० आणि १६५ वर जमलं. गाडीच्या पोटाखाली कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर दोन्ही आकडे पेनाने लिहून ठेवा, आणि मोजताना सेल अर्धे उतरलेले नकोत, आरतीच्या आधी पूर्ण भरूनच परत एकदा सांध्यावर चालवून बघा.